शाळा-मंडळांसाठीचा अकरा नगांचा शस्त्रसंच : काय ठेवावं, काय बदलून घ्यावं

शिवजयंती किंवा खंडेनवमी जवळ आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या बाजारात भिंतीवर लावायचा शस्त्रसंच विकायला येतो. गिऱ्हाईक म्हणजे शाळा, वाचनालयं, तरुण मंडळं, क्वचित एखादं मंगल कार्यालय. लाल मखमल चढवलेला आठ बाय चार फुटांचा प्लाय, त्यावर क्लिपांनी बसवलेले अकरा नग आणि बाजूला ‘युद्धातील शस्त्रांचे प्रकार’ असा छापील फलक. किंमत १८,००० ते २२,००० रुपयांच्या दरम्यान. हा माल एका कारखान्याचा नसतो. पाती एका गावची, ढाल दुसरीकडची, फलक स्थानिक छपाईचा आणि जोडणारा तिसराच. त्यामुळे कोणा एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही. संच मात्र सगळीकडे जवळपास सारखाच मिळतो आणि त्यातल्या चुकाही सारख्याच असतात.

अकरा नग असे : वक्र तलवार, सरळ पात्याची धोप, दांडपट्टा, कट्यार, भाला, फरशी (लढाईची कुऱ्हाड), गुर्ज (लोखंडी गदा), ढाल, भात्यासह धनुष्य, ठासणीची बंदूक आणि पितळी तोफेची छोटी प्रतिकृती. आमचं मत आधीच सांगतो. दांडपट्टा आणि ढाल ठेवण्याजोगे आहेत. तोफेत थोडी दुरुस्ती केली की तीही चालते. दोन्ही तलवारी, भाल्याची काठी आणि धनुष्य बदलावं. फलक काढून टाकावा आणि नवा लिहून घ्यावा. संच आहे तसाच भिंतीवर लावू नये. मुलं त्यातून चुकीचं शिकतील, आणि शस्त्राबद्दल एकदा डोक्यात बसलेली चूक सहज निघत नाही.

प्रतिकृती तपासताना नक्षी शेवटी बघायची. आधी वजन, मग तोल, मग लांबी. कोणतंही शस्त्र एखाद्या अडचणीवरचं उत्तर असतं. समोर चिलखत आहे की नुसता अंगरखा, लढणारा घोड्यावर आहे की पायी, शत्रू हातभर दूर आहे की दोनशे पावलं, यावर त्याचा आकार ठरतो. ते उत्तर प्रतिकृतीत दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल, तर तो नुसता लोखंडाचा आकार उरतो.

तलवारीपासून बघू. संचातल्या वक्र तलवारीचं वजन पावणेदोन ते दोन किलो भरतं. जुन्या तलवारी साधारण ९०० ग्रॅम ते सव्वा किलोच्या असतात. ‘पूर्वीच्या लोकांची ताकदच तशी होती’ असं विक्रेता सांगतो, ते खरं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत चालवायचं हत्यार जड करून कोणाचंच भागत नव्हतं. युरोपातल्या दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीसुद्धा बहुतेक सव्वा ते पावणेदोन किलोच्या आत असत. प्रतिकृती जड होते, कारण तिचं पातं सरळ पट्टीतून कापलेलं असतं. मुठीजवळ पाच मिलिमीटर जाड, तर टोकालाही पाचच. खऱ्या पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे उतरत जाते, मुठीजवळ सुमारे सहा मिलिमीटर आणि टोकाजवळ दोन-तीन. म्हणून खरी तलवार हातात जिवंत वाटते आणि ही मनगट ओढते.

दुकानातच करायची तपासणी सोपी आहे. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन पात्याची जाडी तीन ठिकाणी मोजा : मुठीजवळ, मध्यावर आणि टोकापासून चार बोटं आत. तिन्ही आकडे सारखे आले तर पातं पट्टीचं आहे. मग तलवार आडवी धरून एका बोटावर तोला. तोलाचा बिंदू परजेपासून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या भागापासून, साधारण १० ते १५ सेंटिमीटरवर यावा. संचातल्या तलवारींत तो २० च्या पुढे जातो. शेवटी मूठ घट्ट धरून पात्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने टिचकी मारा. आतून खडखड आली तर पातं मुठीत नीट बसलेलं नाही.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा आहे. स्वस्त तलवारींत पातं परजेपाशी संपतं आणि पुढे सहा मिलिमीटरचा बोल्ट वेल्डिंग करून मुठीत खोचलेला असतो. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं. अशी तलवार दोन-चार वेळा जोरात फिरवली की पातं मुठीतून सुटून समोरच्या माणसावर जातं. जुन्या तलवारींत पात्याचाच निमुळता भाग पोकळ मुठीत जात असे आणि तो लाख किंवा राळ ओतून पक्का करत. ती पद्धत उत्तम होती. मात्र लाख उष्णतेने मऊ पडते आणि भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. लाखेने किंवा साध्या इपॉक्सीने बसवलेली मूठ उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. भिंतीवर लावायचीच असेल तर हे चालून जाईल. मर्दानी खेळासाठी मात्र वेगळी तलवार करून घ्यावी : ट्रकच्या पाट्याचं पोलाद, कडा दोन मिलिमीटर जाड आणि गोल, टोक बोथट, मुठीत पूर्ण जाणारं पातं आणि त्याला आरपार रिबेट. स्टेनलेसचं लांब पातं खेळायला कधीच घेऊ नये. चकाकतं छान, पण आपटलं की तुटतं.

आणखी एक खूण म्हणजे मुठीतली जागा. जुन्या भारतीय मुठीत बोटांना जेमतेम जागा असते, वरची वाटी मनगटाशी लागते, त्यामुळे पातं आपोआप ओढून कापायच्या दिशेने फिरतं. प्रतिकृतीत ती जागा १० ते ११ सेंटिमीटर ठेवतात, का तर आजच्या मोठ्या पंजाला सोयीचं म्हणून. त्याने हात सरकतो आणि या मुठीची सगळी युक्तीच निघून जाते.

धोपेबद्दल एवढंच : सरळ, लांब पातं घोड्यावरून भोसकायलाही आणि कापायलाही चालतं, म्हणून ती वक्र तलवारीच्या शेजारी ठेवणं योग्यच आहे. पण फलकावर तिला ‘फिरंग’ म्हटलं आहे. फिरंग म्हणजे युरोपातून आलेलं पातं बसवलेली तलवार. सगळ्याच सरळ तलवारी फिरंग नसतात.

दांडपट्टा हा या संचातला खरोखर चांगला नग. पातं लवचीक पोलादाचं, जवळपास ११० सेंटिमीटर, आणि कोपरापर्यंत येणारं लोखंडी हस्तत्राण. २०२४ मध्ये त्याला महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा मान मिळाला आणि तेव्हापासून कारागीर त्याकडे जास्त लक्ष देतात असं दिसतं. पट्ट्यात मनगट वळत नाही. हात आणि पातं एक होतात आणि फिरवण्याचं बळ खांद्यातून व कमरेतून येतं. म्हणून एका माणसाभोवती अनेकजण असतील तिथे त्याचा उपयोग. घेताना हात आत घालूनच बघा. आडवी मूठ चार बोटांत भरली पाहिजे, आतल्या रिबेटांची टोकं घासून सपाट केलेली हवीत आणि कोपराजवळचा चामडी पट्टा बकलाचा हवा, नुसता गाठीचा नको. पातं आणि हस्तत्राण जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर प्रत्येकी किमान तीन रिबेट असावेत. पातं हलकं वाकवून सोडलं की ते सरळ रेषेत परत यावं. वाकडं राहिलं तर पोलाद तापवून त्याला पाणी नीट दिलेलं नाही, बदलून मागा. फिरवणाऱ्याभोवती तीन मीटरचं रिंगण मोकळं ठेवायचं, शाळेच्या वऱ्हांड्यात हा प्रयोग करायचा नाही.

कट्यार ही नवरदेवाच्या हातातली, लिंबू खोचायची कट्यार आहे, युद्धातली नव्हे. दिसायला फरक थोडा, कामाला फार. युद्धातल्या कट्यारीचं टोक मुद्दाम जाड केलेलं असतं, कारण ते चिलखताच्या कड्यांत घुसवून कडी फोडायची असते. आडव्या मुठीमुळे मूठ मारल्यासारखं अंगाचं सगळं वजन त्या टोकामागे जातं. संचातल्या कट्यारीचं टोक दोन मिलिमीटरचं, पत्र्यासारखं. शोभेला राहू द्या, पण खाली ‘लग्नातील कट्यार’ अशी पाटी लावा. ते प्रामाणिक होईल.

फरशी बरी आहे, फक्त पातं जरा जाड. लढाईची कुऱ्हाड लाकूडतोडीच्या कुऱ्हाडीपेक्षा पातळ आणि हलकी असते, तिला ओंडका फोडायचा नसतो. गुर्ज मात्र चार किलोचा करून ठेवला आहे, आत सिमेंट भरून. खरे गुर्ज बहुधा एक ते दोन किलोच्या घरात असत. धार चालत नाही अशा शिरस्त्राणावर आणि चिलखतावर वरून मारून आतलं हाड मोडायचं, हे त्याचं काम. त्याला उभ्या पाकळ्या असतात त्या एवढ्यासाठी की सगळा मार एका कडेवर यावा. पाकळ्या नसलेला गुळगुळीत गोळा आला असेल तर परत करा.

आता भाला. इथे सगळ्यात जास्त नुकसान झालं आहे आणि ते सगळ्यात सहज भरूनही निघतं. संचात भाल्याची काठी म्हणून चार फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप दिलेला असतो, कारण प्लाय आठ फुटांचा आणि त्यावर सगळं मावायला हवं. चार फुटी भाला नव्हेच तो. भाल्याचं सगळं मोल लांबीत आहे. दोन्ही बाजूंची माणसं सारख्याच ताकदीची असली तरी ज्याचं टोक आधी पोचतं तो जिंकतो. मॅसिडोनियाच्या पायदळाचा सरिसा पाच-सहा मीटरपर्यंत लांब असे. घोडेस्वाराचा भाला नऊ ते बारा फुटांचा. इतिहासात सर्वांत जास्त सैनिकांच्या हाती असलेलं शस्त्र तलवार नव्हे, भाला आहे. तो स्वस्त होता, शिकवायला सोपा होता आणि रांगेत उभं राहून चालवता येत होता.

दुरुस्ती अशी करायची. पातं ठेवा, पाइप काढून टाका. सातपुड्यातला माणवेल बांबू घ्या. त्याची भिंत जाड असते आणि बुंध्याकडे तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून भाल्याला हाच लागतो. पोकळ बांबू पात्याच्या नळीत बसवला की टोकाला चिरतो. बांबू हिवाळ्यात तोडलेला हवा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडवा जास्त असतो, त्याला कीड लागते आणि दोन-तीन महिन्यांत खाली भुस्सा पडायला लागतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, मग सावलीत उभा करून दोन-तीन महिने वाळवावा. वाकडा असेल तिथे मंद आचेवर गरम करून, ओल्या पोत्याने धरून सरळ करावा आणि तसाच थंड होऊ द्यावा. वर जवसाच्या तेलाचे दोन हात. पात्याच्या नळीत काठी किमान चार इंच आत जावी आणि आडवा एकच रिबेट असावा. दोन रिबेट एका रेषेत मारले की काठी तिथेच उभी फाटते. बुडाला लोखंडी टोपण बसवा. त्याने तोल मागे येतो आणि जमिनीत टेकवायलाही होतं. दहा फुटी भाला प्लायवर मावणार नाही, तो शेजारी कोपऱ्यात उभा ठेवायचा.

भाल्याच्या जोडीला विटा हवा होता. विट्याच्या बुडाला दोरी असते, ती मनगटाला बांधलेली. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. मराठी स्वाराचं हे इतकं खास हत्यार, आणि शिवकालाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात ते नाही.

ढाल उत्तम निघते. घेताना चामडी मागा, फायबरची नको. ढालीवरची चार फुलं शोभेची नसतात. त्यांच्या खिळ्यांवरच आतल्या बाजूच्या कड्या आणि धरायचे पट्टे बसलेले असतात. फुलं एकीकडे आणि पट्टे दुसरीकडे रिबेट केलेले दिसले, तर कारागिराला ढाल माहीत नाही असं समजा. आत बोटांच्या मागे छोटी गादी असते, तीही बघून घ्या. ती नसेल तर ढालीवर बसलेला मार थेट बोटांच्या हाडांवर येतो.

धनुष्याकडे येताना वाईट वाटतं. सोनेरी कागद गुंडाळलेला पीव्हीसी पाइप, त्याला नायलॉनची दोरी आणि भात्यात अॅल्युमिनियमच्या कांड्या. ज्या मुलखात भिल्लांचा कामठा आजही आहे, त्या मुलखातल्या शाळेच्या भिंतीवर पाइपाचं धनुष्य लागावं, हे आपल्याला शोभत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या जाणत्या माणसाकडून कामठा करून घ्या आणि त्याला त्याच्या कसबाचे पूर्ण पैसे द्या. तो बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. ओलाव्यात ती सुतासारखी ढिली पडत नाही. वापरात नसताना दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर बांबू वाकण्याला सरावतो आणि जोर जातो. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायचा जोर धनुष्यातच परततो आणि ते तडकतं.

फलकावर या धनुष्याशेजारी मोगल पद्धतीच्या शिंगी धनुष्याचं चित्र आहे. ती वेगळी जात. लाकूड, आतून शिंग, बाहेरून स्नायूचे धागे, सगळं सरसाने जोडलेलं. लहान असून जोरकस, म्हणून घोड्यावरून चालतं. पण सरस ओल धरतो, त्यामुळे पावसाळ्यात ते जपावं लागतं. तिसरी जात इंग्लंडच्या लांब धनुष्याची. यू नावाच्या झाडाच्या एकाच लाकडाचं, माणसाएवढं उंच. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या जहाजातून अशी शंभराहून जास्त धनुष्यं वर काढली, तेव्हा त्यांना ओढायला शंभर पौंडांच्या पुढे जोर लागत होता असं दिसलं. फलक सांगतो की धनुष्याचा बाण एक किलोमीटर जातो. लढाईतला उपयोगी पल्ला दोनशे मीटरच्या आसपास धरावा.

दुरून मारायच्या शस्त्रांत गोफण धरलेलीच नाही. ज्वारी-बाजरीची राखण करायला आपल्या शेतांतून जी फिरते तीच गोफण युद्धात हजारो वर्षं होती. रोमन काळात तिच्यासाठी शिशाच्या गोळ्या ओतत आणि बॅलेरिक बेटांचे गोफणदार भाड्याने सैन्यात घेत. ती मिळवायला काही खर्च नाही, फलकाशेजारी खिळ्याला अडकवता येते.

बंदुकीची प्रतिकृती शिसवी दस्त्याची, देखणी आहे, पण तिच्यात दोन काळ एकत्र झाले आहेत. जळता तोडा धरणारा वाकडा घोडाही आहे आणि गारगोटीचा चाप-पोलादही. हे दोन्ही एका बंदुकीवर कशाला असतील? तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानातल्या रंजकीला, म्हणजे नळीच्या भोकाजवळच्या बारीक दारूला, लागते. पाऊस आला की वात विझते, रात्री ठिणगी दिसून जागा कळते. गारगोटीच्या, म्हणजे चकमकीच्या, बंदुकीने ही अडचण काढली आणि सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू लागला. एकोणिसाव्या शतकात ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची बंदूक आली, तेव्हा पावसाचीही फारशी भीती उरली नाही. कारागिराला सांगून दोन्हींपैकी एकच यंत्रणा ठेवा. शिवकालासाठी तोड्याची. नळी भरीव आहे याची खात्री करा, तार आत घालून बघा. नळी आत पोकळ असेल आणि कानाला भोक पाडलेलं असेल तर ती प्रतिकृती घेऊच नका.

तोफेचं मॉडेल दहा-बारा इंचांचं, पितळी, ओतकाम स्वच्छ. दोष एकच, पण मुळातला. तोफेच्या दोन्ही बाजूंना गाड्यावर टेकायचे जे कान असतात ते मॉडेलमध्ये मागे सरकले आहेत, त्यामुळे तोंड खाली पडतं आणि विक्रेता पुढे लाकडी तुकडा टेकवून देतो. खऱ्या तोफेत कान तोलाच्या बिंदूच्या किंचित पुढे असतात. मागची बाजू जरा जड राहते, तिच्याखाली पाचर सारून पल्ला कमी-जास्त करता येतो. कान कापून पुढे डाग देऊन बसवणं हे कोणत्याही पितळकामवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

फलकावर तोफेखाली लिहिलं आहे की गोळा जिथे पडेल तिथे फुटतो. लांब तोफेचा गोळा बहुतेक भरीव असे. तो तट फोडायचा आणि जमिनीवरून उसळत माणसांच्या रांगा तोडायचा. फुटणारा, दारू भरलेला गोळा आखूड गरनाळेतून उंच उडवून तटाच्या आत टाकत. खानदेशातलं उदाहरण मालेगावचं. १८१८ च्या वेढ्यात भाडोत्री अरब शिपायांनी धरलेल्या किल्ल्यातलं दारूकोठार इंग्रजांच्या अशा माऱ्याने उडालं आणि तटबंदीला खिंडार पडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत तापीकाठचं थाळनेर पडलं, तेही तोफखाना आणल्यावर. हे दोन किल्ले मुलांना माहीत आहेत, मग फलकावर परदेशी किल्ल्याचं चित्र कशाला? विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेचा उल्लेख आहे तो ठीक, फक्त ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली हेही लिहावं. बंदूक आणि तोफ यांच्या मधला पल्ला मात्र पूर्ण सुटला आहे : उंटावरचे जंबुरे (हलक्या तोफा), लांब नळीच्या जेजाला (जड बंदुका). साल्हेरच्या १६७२ च्या लढाईत मराठा सरदार सूर्यराव काकडे पडले ते जंबुऱ्याच्या गोळ्याने. साल्हेर इथून किती लांब आहे?

आता फलक. त्याने शस्त्रांचे ‘प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक’ असे तीन भाग केले आहेत. हे काळाचे भाग झाले, शस्त्रांचे नव्हेत. भाला तिन्ही काळांत येतो, संगिनीच्या रूपाने तर विसाव्या शतकातही. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाची विभागणी याहून कितीतरी चांगली आहे. यंत्रमुक्त म्हणजे साधनाने सोडायची : गोफण, धनुष्य. पाणिमुक्त म्हणजे हाताने फेकायची. मुक्तसंधारित म्हणजे फेकून परत घ्यायची, आपला विटा इथेच बसतो. अमुक्त म्हणजे हातातच राहणारी : तलवार, कट्यार, गुर्ज. पाचवं बाहुयुद्ध. अकरा नग या चौकटीत मांडले की कोणता वर्ग रिकामा आहे हे लगेच दिसतं. हाताने फेकायचं आणि फेकून परत घ्यायचं असं एकही शस्त्र संचात नाही. एक आखूड बरची आणि एक विटा घातला की ही उणीव भरते. ढाल आणि चिलखत यांना वेगळी जागा हवी, कारण प्रत्येक हल्ल्याच्या शस्त्राचा आकार त्यांच्यामुळे ठरला.

या चौकटीत न बसणारं जे पुढे आलं त्याच्यासाठी आणखी तीन ओळी पुरतात, त्या मात्र तारखांसह हव्यात. १८८४ चं मॅक्झिमचं मशीनगन. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनीने सोडलेला क्लोरीन वायू. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत प्रथम उतरलेले रणगाडे. मग विमानं, क्षेपणास्त्रं, ऑगस्ट १९४५ चे दोन अणुबॉम्ब, आताचे ड्रोन. सध्याचा फलक १८५७ ला थांबतो. जळगाव जिल्ह्यात वरणगावला सैन्याची काडतुसं बनवणारी आयुध निर्माणी आहे, भुसावळलाही निर्माणी आहे, तिथे काम करणाऱ्यांची मुलं याच शाळांत शिकतात. त्यांना आपल्या गावाचं नाव फलकावर दिसायला हवं.

देखभालीत एक चूक सर्रास होते. पूजेच्या दिवशी पात्यांना खोबरेल तेल लावून वर्षभर तसंच ठेवतात. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि खाली गंज चढतो. पूजा झाल्यावर हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. जुलै ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी. पावसाळ्यात पातं चामडी म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. गंज आलाच तर बारीक लोखंडी लोकर आणि तेल, पॉलिश पेपर नव्हे.

प्लाय आणि नग मिळून वजन तीस-पस्तीस किलो होतं. सिमेंटच्या भिंतीत चार फास्टनर पुरतात. गावातल्या जुन्या धाब्याच्या इमारतीत वाचनालय असेल तर मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. तिथे जमिनीपासून लाकडी चौकट उभी करून त्यावर प्लाय टेकवावा. क्लिपा प्लॅस्टिकच्या आल्या तर पितळी घालून घ्या, उन्हाळ्यात प्लॅस्टिक सुटतं.

कायद्याची बाजू विक्रेते सांगत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं नियंत्रणाखाली येतात. म्हणून धार लावलेला एकही नग घेऊ नका आणि ‘बसल्यावर लावून देतो’ असं कोणी म्हटलं तरी लावून घेऊ नका. बिलावर प्रत्येक नगापुढे ‘बोथट, शोभेची प्रतिकृती’ असं लिहून घ्या आणि बिलाची प्रत संस्थेच्या दप्तरात ठेवा. मिरवणुकीत यातलं काही न्यायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. सणांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागलेला असतो, आणि त्यात बोथट तलवारच काय, काठीसुद्धा येते.

सौदा करताना पूर्ण संच मागू नका. दांडपट्टा, चामडी ढाल, पाकळ्यांचा गुर्ज, फरशी, तोफ, एका यंत्रणेची बंदूक आणि भाल्याचं नुसतं पातं एवढंच वेगळं मागा, जोडणारे देतात. वाचलेल्या पैशांत कामठा, विटा आणि एक नीट उतरत्या जाडीची तलवार येते. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, म्हणून ऑर्डर दिवाळीतच द्यावी. भाल्याचा बांबू मात्र आदल्या हिवाळ्यातला, वाळलेलाच घ्यावा. त्या हिवाळ्यात तोडलेला फेब्रुवारीपर्यंत तयार होत नाही.